कॅनिंगच्या काट्यावरचा दर कोण ठरवतो?

कोकणातल्या ऑनलाइन विक्रीबद्दल जेवढं लिहिलं-बोललं जातं, ते जवळजवळ सगळं घरपोच पेटीबद्दल असतं. देवगडचा तरुण बागायतदार, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ऑर्डर, पुण्यातल्या सोसायटीपाशी उभा राहिलेला टेम्पो, मधला दलाल गेला आणि शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे जास्त आले. हे खरोखर घडलं आहे आणि चांगलं घडलं आहे. पण कोकणातल्या मालाचा मोठा हिस्सा कुणाच्या घरी जातच नाही, तो एका धंद्याकडून दुसऱ्या धंद्याकडे जातो. आंबा कॅनिंगला, म्हणजे रस काढून डबाबंद करणाऱ्या कारखान्यांना जातो, काजू बी कारखान्यात जाते, आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस, बाटल्या भरणाऱ्याकडे जातं. आणि तिथला व्यवहार आजही तोंडी चालतो, उधारीवर चालतो, दर समोरच्याने सांगायचा आणि आपण मान हलवायची. सरकारने, सहकारी संस्थांनी, कृषी विद्यापीठाने आपली ताकद आता या दुसऱ्या व्यवहारामागे लावली पाहिजे, कारण कोकणाचं नुकसान तिथे होतं आहे.

आधी घरपोच पेटीचं देणं मान्य करतो. नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजाराशी आपलं नातं पिढ्यांचं आहे आणि त्याला नुसत्या शिव्या देणं मला पटत नाही. मोहोर धरायच्या आत फवारणीला पैसा लागतो, मग राखणीला, मग पेट्यांना आणि पेंढ्याला. सातबारावर दहा जणांची सामायिक नावं असली की बँकेत कर्ज अडतं. आढत्या, म्हणजे तिथला दलाल, मात्र एका फोनवर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो. त्या उचलीचं मोल मोसमात कळतं. पेटी त्याच्याच गाळ्यावर जाते आणि काही दिवसांनी पट्टी येते: पेट्या इतक्या, दर इतका, वजा गाडीभाडं, वजा हमाली, वजा उचल. माल कोणी घेतला, पुढे तो कुठे आणि कितीला गेला, याचा पट्टीत पत्ता नसतो. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, आढत, म्हणजे दलालीही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. कायद्याने बागायतदार मोकळा झाला. उचल मात्र होती तिथेच राहिली, म्हणून पेटीही होती तिथेच जात राहिली.

मग २०२० चा एप्रिल आला. टाळेबंदीत बाजाराचा भरवसा उरला नाही, झाडावर फळ तयार, आणि बागायतदारांनी मुंबई-ठाण्यातल्या चाकरमानी नातेवाइकांच्या ओळखीने सोसायट्यांपर्यंत माल पोचवला. यूपीआय तोवर हातात आलं होतं, पैसे त्याच दिवशी खात्यात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने बागा झोडपल्या, तरी हा रस्ता बुजला नाही. कितीतरी बागायतदारांना पहिल्यांदा आपलं गिऱ्हाईक नावाने कळलं. तो आंबा कोण खातं, त्याला कधी हवा असतो, फळ केवढं आवडतं, हे बागेत बसून समजायला लागलं. ही माझ्या मते पैशाइतकीच मोठी कमाई होती. म्हणूनच मोठ्या विक्री-पोर्टलवर माल चढवताना बागायतदाराने सावध असावं असं वाटतं, कारण तिथे गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर पोर्टलकडे राहतो आणि आपण पुन्हा पट्टी वाचणारे होतो.

ग्राहकाच्या बाजूनेही कायदा बराच पुढे आला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायचा हक्क दिला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं बंधन पोर्टलवर घातलं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे कर्नाटकातलं फळ देवगडच्या नावाने विकणाऱ्याला जाब विचारायला हाती काहीतरी आलं. हे सगळं हवंच होतं. दापोलीचा विक्रेता आणि नागपूरचा ग्राहक यांच्यात भांडण झालं तर विक्रेत्याला नागपूर गाठावं लागेल, हे लहान माणसाला जड आहे, तरी ग्राहकाचा हक्क कमी करावा असं मी म्हणणार नाही. ज्याने फळ बघितलेलं नाही आणि पैसे आधी दिले आहेत, त्याच्या बाजूने कायदा उभा राहिला पाहिजे.

पण घरपोच पेटीत जातं काय? निवडक फळ. एकसारख्या वजनाचं, डाग नसलेलं, वेळेत तोडलेलं. बागेतलं बाकीचं फळ कुठे जातं ते मे महिन्यात कोकणातल्या रस्त्यांवर दिसतं. पावशी असो, नाटे असो, पडेल असो, रस्त्याच्या कडेला पत्र्याची किंवा ताडपत्रीची शेड पडते, पुढे इलेक्ट्रॉनिक काटा, मागे क्रेटची थप्पी, आणि फळ्यावर खडूने लिहिलेला आजचा दर. दुपारनंतर क्रेट यायला लागतात, टेम्पोतून, रिक्षातून, दुचाकीच्या मागे दोरीने बांधून. काट्यावर क्रेट चढतो, क्रेटचं वजन वजा होतं, चिठ्ठीवर नाव आणि किलो लिहिले जातात. शेडमधला माणूस बहुधा आपल्यातलाच असतो, किलोमागे त्याला काही सुटतं, दर त्याच्या हातात नसतो. दर कारखान्यातून फोनवर येतो. सकाळी तोडणीला माणसं लावताना बागायतदाराला संध्याकाळचा दर माहीत नसतो, आणि एकदा फळ तोडलं की ते थांबत नाही. वळवाचं आभाळ दिसलं की दर पडतो. त्याच दिवशी शेजारच्या तालुक्यात दुसरा दर असू शकतो, तो कळेपर्यंत क्रेट रिकामे झालेले असतात.

दरवर्षी या दरावरून बैठका होतात, निवेदनं दिली जातात, हमीभावाची मागणी होते. हमीभाव द्यावा की नाही हा वेगळा वाद आहे. त्याच्या आधीची एक गोष्ट मागावी आणि ती आजच्या आज करता येण्यासारखी आहे: आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत प्रत्येक खरेदीदार कारखान्याने उद्याचा दर आणि उद्या किती टन घेणार हे एका सार्वजनिक जागी जाहीर करावं आणि दुसऱ्या दिवशी त्याला बांधील राहावं. ही जागा म्हणजे एखादं साधं संकेतस्थळ असेल, मोबाइलवर येणारा संदेश असेल. यंत्रणा काय ती एवढीच. राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजे ई-नाम, १४ एप्रिल २०१६ ला सुरू झाला. देशभरातल्या बाजार समित्यांत इलेक्ट्रॉनिक लिलाव व्हावेत ही त्यामागची कल्पना. पण ती आवारातल्या लिलावाभोवती उभी आहे आणि आपला कॅनिंगचा आंबा आवारात पाऊलही न टाकता शेडमधून कारखान्यात जातो. आवार नसलेल्या बाजाराला दराची पाटी कोण देणार, हा कोकणाचा खरा प्रश्न आहे.

दर जाहीर करायचा तर माल कोणता, हेही ठरलेल्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. इथे काजू आपल्याला बरंच शिकवतो.

सोललेल्या काजूगराला जगभर एक भाषा आहे. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे पांढरे गर. डब्ल्यू २४० म्हणजे गर मोठा, पौंडात २२० ते २४०. वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या कारखान्यांत टेबलाभोवती बसलेल्या बायका हे आकडे न मोजता ओळखतात. गर हाताखालून सरकत असतात; अख्खा इकडे, पाकळी तिकडे, तुकडा खाली, टोकाला जरासा करपलेला वेगळ्या डब्यात. त्यांच्या बोटांतल्या या निवडीमुळेच दिल्लीचा व्यापारी माल न बघता फोनवर दहा डबे मागवू शकतो आणि मुंबईची मिठाईवाली मंडळी दर विचारताना फक्त आकडा सांगतात.

आता तोच काजू एक पायरी मागे बघा. आफ्रिकेतून बोटीने येणारी काजू बी विकली जाते ती तिच्यातून गर किती निघेल यावर. ८० किलोच्या पोत्याला किती पौंड गर, ओलावा किती टक्के, किलोला बिया किती, हे तपासून लिहिलेलं असतं. आपल्या वाडीतली बी मात्र नजरेने विकली जाते. दुकानदार मूठभर बी हातात घेतो, दोन-चार अडकित्त्याने फोडून बघतो आणि दर सांगतो. अनेक गावांत अजून बीच्या बदल्यात किराणा दिला जातो, त्यात दर कोणता लागला हे घरातल्या बाईला कधीच कळत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ सारख्या जाती दिल्या, शेतकऱ्याने त्या लावल्या, जोपासल्या. आणि चांगल्या जातीची बी गावठी बीच्या ढिगात त्याच भावाने गेली. परदेशातल्या बीला जो दाखला मिळतो तो आमच्या बीला मिळत नाही, आणि मग आयात बी स्वस्त पडते म्हणून दर पाडला जातो, तेव्हा आमच्याकडे उत्तर नसतं. ही तपासणी फार मोठी नाही. किलोभर नमुना घ्यायचा, कापायचा, चांगला-वाईट गर वेगळा करून तोलायचा. एक काटा, कापायचं हत्यार आणि शिकवलेला एक माणूस, एवढं गावच्या प्रत्येक विकास सोसायटीत, म्हणजे शेतीकर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत बसवता येईल. ज्या दिवशी गावातल्या पोत्यावर गराचा आकडा लिहिला जाईल, त्या दिवशी ते पोतं कोल्हापूरच्या किंवा मंगळूरच्या कारखान्याला बसल्या जागी विकता येईल.

कोकमाची स्थिती याहून मागे आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण आगळात मीठ किती, दाटपणा किती, याला गावागावाचं माप वेगळं. सरबत भरणाऱ्या कंपनीला दोन हजार लिटर एकसारखं आगळ हवं असतं आणि वीस घरांतून आलेलं आगळ वीस चवींचं निघतं. ती मग एका व्यापाऱ्याकडून घेते, जो हे सगळं एका टाकीत ओततो. मिसळण्याचा सगळा नफा त्याचा. आणि बिया? रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बियांचं तेल आपण टाचांच्या भेगांना लावायला घरात ठेवतो. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशात कोको बटरखेरीज ज्या सहा वनस्पती-चरब्या चालतात त्यांच्या यादीत कोकम आहे, आणि आंब्याच्या कोयीतली चरबीही आहे, पाच टक्क्यांपर्यंत. म्हणजे कॅनिंगच्या कारखान्यामागे पडलेला कोयींचा ढीग आणि अंगणात वाळत घातलेल्या रातांब्याच्या बिया, या दोन्हींना जगात गिऱ्हाईक आहे. ते गिऱ्हाईक घरपोच पेटी मागवणारं नाही. त्याला टनांत माल हवा, तपासणीचा अहवाल हवा आणि ठरल्या तारखेला हवा. वीस घरांचा माल एकत्र करून, मोजून, लिहून देणारी संस्था आपण उभी केली नाही तर हे गिऱ्हाईक आपल्यापर्यंत येणारच नाही.

आता पैशाचं. ग्राहक कायदा पुन्हा विकण्यासाठी माल घेणाऱ्याला ग्राहक मानत नाही, आणि विकणाऱ्याच्या थकलेल्या बिलाशी तर त्याचा संबंधच नाही. मी लहान उद्योगांचे हिशेब बघतो, त्यामुळे ही थकबाकी रोज डोळ्यांपुढे असते. एका बचत गटाने शहरातल्या एका खरेदीदाराला आगळाचे कॅन पाठवले. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं उत्तर आलं, ‘माल मिळाला, छान आहे.’ त्यानंतर पुढचा रातांबा पिकेपर्यंत पैसे आले नाहीत. त्या बायकांना वाटत होतं की कागद केला नाही म्हणून आपलं काही चालणार नाही. खरं तर माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेला करारही करारच असतो, आणि ‘माल मिळाला, छान आहे’ ही मालाची स्वीकृती आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. वेळेत न दिलेली अशी रक्कम आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येणार नाही, अशी तरतूद २०२३ च्या वित्त कायद्याने केली. हत्यार चांगलं धारदार आहे. पण ते हाती येण्यासाठी माल देण्याच्या आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद झालेली असावी लागते. ती फुकट आहे, मोबाइलवर होते, आणि त्या गटाने केलेली नव्हती, कारण त्यांना ती करा असं कोणी सांगितलंच नाही. यंत्र घ्यायला सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान असल्याचं मात्र त्यांना ठाऊक होतं. यंत्राबद्दल शिबिरं होतात, वसुलीबद्दल होत नाहीत.

आणि याच कायद्यात एक मोठं भगदाड आहे. पल्प करणाऱ्या लहान कारखान्याला ४५ दिवसांचं संरक्षण आहे. त्याला आंबा देणाऱ्या बागायतदाराला नाही, कारण शेती हा उद्योग नाही. काजूगर विकणारा उद्योजक, बी विकणारी बाई कोणीच नाही. बाजार समितीच्या बाहेर विक्री मोकळी केली तेव्हाच त्या विक्रीच्या पैशाची हमीही लिहायला हवी होती. शेतमाल घेणाऱ्या प्रत्येक प्रक्रिया उद्योगावर ठरावीक दिवसांत चुकारा देण्याचं बंधन आणि थकल्यास तेच व्याज, ही मागणी कोकणातल्या आमदार-खासदारांनी लावून धरावी. हापूसच्या मोसमात पेटीसोबत फोटो काढण्यापेक्षा ते काम कठीण आहे, आणि जास्त गरजेचं आहे.

वस्तू आणि सेवा कराचीही एक अडचण दक्षिण कोकणाला खास जाचते. वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या माल विक्रेत्याला महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची नाही. पोर्टलवरून विकणाऱ्या लहान विक्रेत्यालाही १ ऑक्टोबर २०२३ पासून ही सवलत मिळाली. पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की सवलत संपते. बांद्याची बाई आपलं लोणचं आणि सरबत गडचिरोलीला पाठवू शकते, पण चार कोसांवरच्या पेडण्याच्या हॉटेलला पाठवायचं तर तिला आधी नोंदणी घ्यावी लागते, मग विवरणपत्रं, मग माझ्यासारख्याची फी. सावंतवाडी-दोडामार्गची सगळी स्वाभाविक बाजारपेठ गोवा आहे. तिथली हॉटेलं म्हणजे घाऊक गिऱ्हाइकांची रांग. सेवा देणाऱ्याला राज्याबाहेरच्या व्यवहारातही उलाढालीची सवलत आहे. लहान अन्नप्रक्रिया करणाऱ्यालाही, निदान एखाद्या मर्यादेपर्यंत, ती द्यायला हरकत कसली?

या सगळ्यावर मला नेहमी ऐकवलं जाणारं एक म्हणणं असं की कोकणातला धंदा ओळखीवर चालतो; कागद पुढे केला की समोरचा दुखावतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जातो. या म्हणण्यात तथ्य आहे. एकट्या बागायतदाराने दर लेखी मागितला तर उद्या त्याचाच क्रेट परत जाईल. म्हणूनच हे काम एकट्यावर टाकू नये असं मी म्हणतो. सगळ्यांना एकच नियम असला की कोणी कोणावर अविश्वास दाखवला असं होत नाही. दुसरं म्हणणं, मोठे खरेदीदार ऑनलाइन आले तर ते लहानांना चिरडतील. पण ते आलेलेच आहेत. दर पडद्याआड ठरतो तेव्हा मोठ्याचं फावतं, कारण दहा तालुक्यांचे दर त्याला एकाच वेळी माहीत असतात आणि बागायतदाराला फक्त समोरच्या फळ्यावरचा. डोंगराआडच्या वाड्यांत मोबाइलला रेंज नसते हे तिसरं म्हणणं मला सगळ्यांत जास्त पटतं, आणि त्यावर टॉवरखेरीज उत्तर नाही.

हे सगळं करणार कोण? नवी महामंडळं नकोत. तालुका खरेदी-विक्री संघ आहेत, विकास सोसायट्या आहेत, दापोलीच्या विद्यापीठाची केंद्रं आहेत, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आहेत. संघाने माल गोळा करून तपासावा, तोलावा, वर्णन लिहावं आणि विक्रीला लावावा. पण सुरुवात मी बँकेपासून करेन. सोसायटीने तपासलेला माल आणि कारखान्याची लेखी ऑर्डर, या दोन कागदांवर बागायतदाराला डिसेंबर-जानेवारीत कर्ज मिळावं, आणि कारखान्याने पैसे थेट त्या कर्जखात्यात भरावेत. सातबारावर दहा नावं असली तरी ऑर्डर एकाच्या नावावर असते, कर्ज तिच्यावर द्यावं. फवारणीचा पैसा असा बँकेतून आला, तर मोसमात माल कोणाला द्यायचा हे बागायतदार दर बघून ठरवू शकेल. वाशीच्या गाळ्यावर पाठवायचा असला तरी तो स्वतःच्या मर्जीने पाठवेल.